परदेशात बाहेर जेवताना: अन्नाची ॲलर्जी असणाऱ्या प्रवाशांसाठी मार्गदर्शन

अन्नाची ॲलर्जी असलेल्या माणसाने आपल्या नेहमीच्या परिसरात स्वतःपुरती एक व्यवस्था लावून घेतलेली असते. कोणत्या उपाहारगृहात काय मागवायचे, कोणत्या पाकिटावरची बारीक अक्षरे वाचायची आणि कोणाच्या शब्दावर विसंबायचे, हे सारे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. परदेशात पाऊल ठेवल्यावर ही व्यवस्था उपयोगी पडत नाही, कारण तिथली भाषा निराळी, पदार्थ अनोळखी, कायदा वेगळा आणि आचाऱ्याच्या दृष्टीने आपण एकदाच येऊन जाणारे गिऱ्हाईक असतो. तरीही पुरेशी तयारी केली असेल, तर बाहेर जेवणे शक्य असते आणि त्याचा आनंदही घेता येतो. पहिल्यांदाच अशा प्रवासाला निघालेल्यांसाठी पुढे क्रमाने काही पायऱ्या दिल्या आहेत. त्या सर्वांच्या मुळाशी एकच धारणा आहे: पदार्थाच्या नावावरून किंवा मेन्यूकार्डावरच्या चिन्हावरून आपली सुरक्षितता ठरत नाही, ती स्वयंपाकघरातून येणाऱ्या उत्तराच्या नेमकेपणावरून ठरते. म्हणून तयारीचा मोठा भाग हे उत्तर मिळवण्यासाठी, पारखण्यासाठी आणि ते पटले नाही तर शांतपणे उठून जाण्यासाठी करायचा असतो.

पायरी १: निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलणे

प्रवासाच्या किमान महिनाभर आधी आपल्या डॉक्टरांना भेटावे. पहिला प्रश्न निदानाचा असतो. आपल्याला खरोखर ॲलर्जी आहे, की तो पदार्थ केवळ पचत नाही, की सीलिॲक आजार (गव्हासारख्या धान्यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार) आहे, हे स्पष्ट असल्याशिवाय परक्या देशातल्या वेटरला आपण काय सांगणार? दूध न पचणाऱ्या माणसाला लॅक्टोजविरहित दूध चालते. दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असलेल्याला तेच दूध घातक ठरू शकते, कारण त्यातली साखर विघटित केलेली असली तरी प्रथिने जशीच्या तशी असतात. दोघांनीही नुसते ‘मला दूध चालत नाही’ असे सांगितले, तर समोरच्याला त्यातला फरक कळण्याचा काही मार्ग उरत नाही.

डॉक्टरांकडून दोन कागद घ्यावेत. पहिला म्हणजे प्रतिक्रिया आल्यास काय करायचे याचा लेखी आराखडा, ज्यात कोणत्या लक्षणाला कोणते औषध, किती प्रमाणात आणि कोणत्या क्रमाने द्यायचे हे लिहिलेले असते. दुसरा म्हणजे औषधांची नावे आणि ती सोबत बाळगण्याची गरज नमूद करणारे पत्र, जे विमानतळावरच्या तपासणीत दाखवता येते. औषधांचे मूळ नाव लिहून घ्यावे, कारण कंपनीचे नाव देशागणिक बदलते. दमा असेल, तर तो प्रवासापूर्वी नीट आटोक्यात आणून घ्यावा. आटोक्यात नसलेला दमा ही ॲलर्जीची प्रतिक्रिया जिवावर बेतण्यामागची एक मोठी जोखीम आहे, आणि प्रवासी नेमके याच गोष्टीकडे दुर्लक्ष करतात. प्रवासाचा विमा काढताना ॲलर्जीची नोंद लपवू नये. आधीपासूनचा आजार सांगितला नाही म्हणून दावा नाकारला जाऊ शकतो.

पायरी २: औषध अंगाजवळ ठेवणे

तीव्र प्रतिक्रियेवर, म्हणजे ॲनाफिलॅक्सिसवर, पहिले आणि मुख्य औषध ॲड्रेनालीन हे आहे. काही देशांत त्याला एपिनेफ्रीन म्हणतात. ते बहुधा मांडीत टोचायच्या ऑटो-इंजेक्टरच्या, म्हणजे ठरलेली मात्रा आपोआप टोचणाऱ्या पेनसारख्या साधनाच्या, रूपात मिळते. २०२४ मध्ये अमेरिका आणि युरोपीय संघ या दोन्ही ठिकाणी नाकात फवारायच्या ॲड्रेनालीनलाही मान्यता मिळाली. मात्र ऑटो-इंजेक्टर प्रत्येक देशात सहज मिळतोच असे नाही, तेव्हा ‘तिथे गेल्यावर घेऊ’ हा विचार मनातून काढून टाकावा. एका मात्रेने भागले नाही तर दुसरी लागते, म्हणून नेहमी दोन इंजेक्टर जवळ ठेवण्याचा सल्ला दिला जातो. लांबच्या प्रवासात त्याहून अधिक न्यावेत का, हे डॉक्टरांना विचारावे.

‘जवळ’ याचा अर्थ अक्षरशः घ्यावा. हॉटेलच्या खोलीतल्या तिजोरीत, मालवाहू सामानात किंवा उभ्या गाडीच्या कप्प्यात ठेवलेले औषध जेवणाच्या टेबलावर कामाला येत नाही. शिवाय ॲड्रेनालीन उष्णतेने आणि उजेडाने खराब होते आणि ते गोठूही द्यायचे नसते, त्यामुळे ते फ्रीजमध्ये न ठेवता साध्या खोलीच्या तापमानात आणि मूळ वेष्टनात ठेवावे. इंजेक्टरला पारदर्शक खिडकी असेल, तर आतला द्रव स्वच्छ आहे ना, आणि वापराची मुदत परतीच्या तारखेच्या पुढची आहे ना, हे निघण्यापूर्वी पाहावे. सोबतच्या माणसाला सरावाच्या, सुई नसलेल्या इंजेक्टरवर कृती करून दाखवावी. वेगवेगळ्या कंपन्यांच्या इंजेक्टरची टोपणे आणि दाबून धरण्याची वेळ वेगवेगळी असते, तेव्हा आपल्याकडे जो आहे त्याच प्रकारावर सराव करावा.

पायरी ३: त्या देशाचा कायदा काय सांगतो ते पाहणे

कोणत्या घटकांची माहिती देणे बंधनकारक आहे, याची यादी देशागणिक बदलते. ही यादी उपाहारगृहाला लागू आहे की केवळ बंद पाकिटाला, हाही महत्त्वाचा फरक आहे.

युरोपीय संघात ११६९/२०११ या क्रमांकाचा नियम डिसेंबर २०१४ पासून लागू आहे. त्यात १४ घटक आहेत: ग्लुटेनयुक्त धान्ये, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचधारी जलचर, अंडी, मासे, शेंगदाणे, सोयाबीन, दूध, बदाम-अक्रोडासारखा कठीण कवचाचा मेवा, सेलेरी, मोहरी, तीळ, ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त सल्फाइट (अन्न टिकवण्यासाठी घालतात ते द्रव्य), ल्युपिन (शेंगवर्गातले एक धान्य) आणि शिंपले-माकुळ यांसारखे मृदुकाय प्राणी. हा नियम सुट्या अन्नालाही, म्हणजे उपाहारगृहातल्या ताटालाही लागू होतो. माहिती लेखी द्यायची की तोंडी सांगितली तरी चालेल, हे प्रत्येक सदस्य देश ठरवतो.

इथे एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. ऑस्ट्रियातल्या मेन्यूकार्डावर पदार्थाच्या नावापुढे ए, सी, जी अशी छोटी अक्षरे दिसतात. तिथे ही संकेतपद्धत बहुतेक ठिकाणी सारखीच वापरली जाते: ए म्हणजे ग्लुटेन, सी म्हणजे अंडे, जी म्हणजे दूध, एन म्हणजे तीळ. सीमा ओलांडून जर्मनीत गेले की अशीच अक्षरे दिसतात, पण तिथे प्रत्येक उपाहारगृह आपापली यादी करते आणि रंग किंवा टिकाऊपणासाठी घातलेल्या द्रव्यांचे आकडेही त्यातच मिसळलेले असतात. आदल्या दिवशी पाठ केलेले ‘जी म्हणजे दूध’ दुसऱ्या दिवशी चुकीचे ठरू शकते. म्हणून अक्षरांचा खुलासा त्याच मेन्यूकार्डाच्या तळाशी किंवा शेवटच्या पानावर शोधावा आणि तो सापडला नाही तर मागून घ्यावा.

अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात नऊ घटक आहेत. तिळाचा समावेश १ जानेवारी २०२३ पासून झाला. मोहरी, सेलेरी आणि शिंपले त्या यादीत नाहीत. हा कायदा मुख्यतः पाकीटबंद अन्नासाठी आहे. उपाहारगृहांचे नियम राज्यागणिक बदलतात. तिळाच्या समावेशानंतर एक विचित्र परिणाम दिसला: यंत्रसामग्री तिळापासून पूर्णपणे मुक्त ठेवण्यापेक्षा सोपे म्हणून काही उत्पादकांनी पावात मुद्दाम तिळाचे पीठ घालून तशी नोंद छापायला सुरुवात केली. कायदा कडक झाला म्हणजे अन्न सुरक्षित झाले, असे समीकरण मांडता येत नाही ते असे. कॅनडाच्या यादीत मोहरी आहे. जपानमध्ये पाकिटावर ज्यांची नोंद बंधनकारक आहे त्यांत बकव्हीट (कुट्टू) आहे, कारण सोबा नावाच्या शेवया त्याच्याच पिठाच्या असतात. तीळ मात्र शिफारशीच्या यादीत आहे, आणि उपाहारगृहांवर ही सक्ती नाही. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२१ पासून दुकानातच बनवून आधीच बंद करून ठेवलेल्या सँडविचसारख्या पदार्थांवरही घटकांची पूर्ण यादी छापावी लागते.

‘अंश असू शकतात’ ही सूचना युरोपीय संघात आणि अमेरिकेत ऐच्छिक आहे. ती छापलेली नाही म्हणून अंश नाहीत, असा निष्कर्ष काढू नये.

पायरी ४: कार्ड तयार करणे

जिथे जाणार त्या देशाच्या भाषेत छापलेले छोटे कार्ड हे बाहेर जेवणाऱ्याचे सर्वांत उपयुक्त साधन आहे. ते वेटरला वाचून दाखवायचे नसते. ते त्याने आत नेऊन आचाऱ्याच्या हातात द्यायचे असते. म्हणून मजकूर आचाऱ्याला उद्देशून लिहावा. मूळ मजकूर साधारण असा असू शकतो:

‘मला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे. अगदी थोडा अंश पोटात गेला तरी माझ्या जिवाला धोका होतो. मी शेंगदाणे, शेंगदाण्याचे पीठ, शेंगदाण्याचे तेल, शेंगदाण्याचा सॉस किंवा हे घटक असलेला कोणताही पदार्थ खाऊ शकत नाही. शिजवल्याने किंवा तळल्याने धोका टळत नाही. कृपया माझा पदार्थ स्वच्छ भांड्यात, स्वच्छ सुरीने आणि दुसऱ्या कशासाठीही न वापरलेल्या तेलात करावा. हे शक्य नसेल किंवा खात्री नसेल तर कृपया तसे सांगावे. मी मुळीच रागावणार नाही.’

शेवटचे वाक्य वगळू नये. पाहुण्याला ‘नाही’ म्हणणे अनेक ठिकाणी असभ्य समजले जाते आणि त्या संकोचापोटी मिळालेला होकार आपल्या जिवावर येतो. नकार देण्याची वाट आपणच मोकळी करून द्यावी.

मजकुरात गटाचे नाव न देता घटकांची नावे एकेक करून लिहावीत. ‘सुकामेवा’ असे मोघम लिहिण्याऐवजी बदाम, काजू, अक्रोड, पिस्ता, हेझलनट अशी ज्यांची ॲलर्जी आहे ती सगळी नावे द्यावीत, आणि त्या प्रदेशातले ज्या सॉसमध्ये किंवा मसाल्यात तो घटक हमखास असतो त्यांचीही नावे घालावीत. मात्र यादी पानभर लांबवू नये. घाईत असलेला आचारी पहिल्या चार ओळी वाचतो, तेव्हा मुख्य घटक ठळक अक्षरांत सर्वांत वर हवा. भाषांतर ती भाषा बोलणाऱ्या माणसाकडून तपासून घ्यावे. यंत्राने केलेले भाषांतर वापरावेच लागले, तर ते उलट आपल्या भाषेत करून पाहावे आणि अर्थ तोच येतो का हे पडताळावे. कार्डाच्या चार-पाच छापील प्रती न्याव्यात, कारण ती आत जातात आणि पुष्कळदा परत येत नाहीत.

पायरी ५: लपलेले घटक ओळखणे

अनोळखी पदार्थांत घटक कुठे दडतात याचा अभ्यास निघण्यापूर्वी करावा. पुढची उदाहरणे संपूर्ण नाहीत. कोणत्या दिशेने शोधायचे ते कळावे, एवढाच त्यांचा हेतू आहे.

मासे हा घटक सॉसमध्ये सर्वाधिक लपतो. वूस्टरशायर सॉसमध्ये आणि सीझर सॅलडवर घालण्याच्या मिश्रणात अँकोव्ही हा छोटा मासा असतो. थायलंड आणि व्हिएतनाममध्ये माशाचा सॉस मिठासारखा वापरला जातो, आग्नेय आशियातल्या अनेक वाटणांत वाळवलेल्या कोळंबीचा गोळा असतो, आणि कोरियातल्या किमचीत खारवलेली कोळंबी किंवा माशाचा सॉस घालण्याची पद्धत आहे. जपानी मिसो सूपचा आधार असलेला दाशी हा रस्सा बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या कापांचा असतो, त्यामुळे वाटीत एकही तुकडा न दिसणारे सूप माशाचेच असू शकते.

सोया सॉसच्या बहुतेक प्रकारांत गहू असतो. इटलीतल्या पेस्तोत पाइन नट आणि काही ठिकाणी काजू असतात, मोर्तादेला या मांसाच्या कापांत पिस्ते असू शकतात, मेक्सिकोच्या मोले सॉसमध्ये शेंगदाणे, बदाम आणि तीळ यांपैकी काहीही असू शकते. हुमुस, पश्चिम आशियातला हलवा आणि भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या अनेक चटण्या ताहिनीच्या, म्हणजे तिळाच्या वाटणाच्या असतात. इजिप्तच्या दुक्का या कोरड्या मसाल्यात तीळ आणि मेवा दोन्ही असतात. युरोपात रस्स्याच्या वड्यांत सेलेरी आणि सॅलडवरच्या मिश्रणात मोहरी जवळजवळ गृहीत धरावी. ल्युपिन हे शेंगवर्गातले धान्य आहे; त्याचे पीठ काही पावांत घालतात आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या काहींना तेही बाधते.

काही लेबले धीर देतात, पण चुकीच्या माणसाला. युरोपात ‘ग्लुटेनमुक्त’ पदार्थांत ग्लुटेन काढून घेतलेला गव्हाचा स्टार्च वापरता येतो; सीलिॲक आजारात तो चालतो, गव्हाची ॲलर्जी असलेल्याने मात्र तो टाळावा. ‘नॉन-डेअरी’ लिहिलेल्या कॉफीच्या भुकटीत दुधातले केसिन असू शकते. ‘व्हीगन’ ही शब्दयोजना आहाराच्या निवडीबद्दल सांगते; त्याच स्वयंपाकघरात दूध-अंडी हाताळली जात नाहीत अशी हमी ती देत नाही. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्याला शेळीच्या दुधाचे चीज सुचवले जाते तेव्हा विनम्रपणे नाकारावे, कारण दोन्ही दुधांतली प्रथिने इतकी सारखी असतात की बहुतेकांना दोन्ही बाधतात.

पायरी ६: जागा निवडणे

ज्या स्वयंपाकात आपला घटक पावलोपावली असतो, तो स्वयंपाक कितीही नावाजलेला असला तरी सोडून द्यावा. शेंगदाण्याची ॲलर्जी असताना साते सॉससाठी प्रसिद्ध असलेल्या खाऊगल्लीत ‘शेंगदाण्याशिवाय काही आहे का’ असे विचारत फिरण्यात अर्थ नाही. ज्या ठिकाणी मोजके पदार्थ मागणीनुसार ताजे बनतात, तिथे आचाऱ्याला प्रत्येक पदार्थात काय आहे ते माहीत असते. जिथे सॉस आणि वाटणे डब्यांतून तयार येतात, तिथे त्यालाही ते ठाऊक नसते, आणि डब्यावरचे लेबल वाचायला सांगावे लागते.

मोठ्या साखळी उपाहारगृहांकडे घटकांचा तक्ता असतो आणि तो उपयुक्तही असतो. पण त्याच साखळीच्या त्याच नावाच्या पदार्थाची कृती आणि तळणाचे तेल देशागणिक बदलू शकते, तेव्हा तक्ता त्या देशातलाच पाहावा. शक्य असेल तर आधी ईमेल पाठवून विचारावे. लेखी उत्तर देणारे उपाहारगृह सहसा प्रश्न गांभीर्याने घेते, आणि ते उत्तर प्रत्यक्ष गेल्यावर दाखवताही येते. जेवणाच्या ऐन गर्दीत न जाता उपाहारगृह उघडल्या उघडल्या जावे: तेव्हा ओटे आणि भांडी स्वच्छ असतात, तेल ताजे असण्याची शक्यता जास्त असते, आणि मुख्य म्हणजे मॅनेजरला आपल्याशी बोलायला वेळ असतो.

मुक्कामासाठी छोटे स्वयंपाकघर असलेली जागा घेतली, तर दिवसातले एखादे जेवण तरी आपल्या हातचे होते. पोटाला आधार असला की बाहेर ‘नाही’ म्हणणे सोपे जाते. भुकेलेला माणूस अर्धवट उत्तरावरही समाधान मानतो.

पायरी ७: विचारणे आणि उत्तर पारखणे

टेबलावर बसल्यावर, ऑर्डर देण्यापूर्वीच ॲलर्जी सांगावी आणि कार्ड द्यावे. ‘यात शेंगदाणे आहेत का?’ या प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही एवढेच येते, आणि तेही कित्येकदा मेन्यूकार्डाकडे पाहूनच दिलेले असते. त्याऐवजी उत्तरात माहिती यावी असे प्रश्न विचारावेत. हा पदार्थ कशात तळता? त्याच तेलात आणखी काय तळले जाते? हा सॉस इथे बनतो की बाहेरून येतो? तव्यावर माझ्या आधी काय भाजले असेल? सॅलड कोणत्या फळीवर चिरता?

यानंतर उत्तर कसे येते, याकडे लक्ष द्यावे. ‘थांबा, आत विचारून येतो’ असे म्हणून वेटर आत जातो, पाच मिनिटांनी परत येतो आणि सांगतो की मासा चालेल, पण त्यावरचा सॉस डब्यातला असल्यामुळे तो देता येणार नाही, शिवाय बटाटे कोळंबीच्याच तेलात तळतात म्हणून त्याऐवजी उकडलेल्या भाज्या देऊ. हे उत्तम उत्तर आहे. त्यात दोन नकार आहेत, आणि तेच त्याच्या खरेपणाची खूण आहेत. याउलट कार्डाकडे ओझरते पाहून ‘काही हरकत नाही, सगळे चालेल’ असे ताबडतोब आलेले उत्तर सर्वांत धोक्याचे. ‘बहुतेक नसावे’, ‘अगदी थोडेसेच असते’, ‘वरचे काढून देतो’ ही उत्तरे नकारासारखीच मानावीत. तीच विचारणा मॅनेजरकडे करून उत्तर जुळते का, हे पाहण्यात संकोच करू नये.

उत्तर पटले नाही तर आभार मानून उठावे. नवख्या प्रवाशाला हीच गोष्ट सर्वांत जड जाते, विशेषतः सोबतची मंडळी स्थिरावलेली असताना आणि टेबलावर पाणी आलेले असताना. म्हणून सोबत्यांशी आधीच ठरवून ठेवावे की ॲलर्जी असलेल्याने ‘इथे नको’ म्हटले, तर त्यावर चर्चा होणार नाही. लहान मुलाच्या बाबतीत हा निर्णय कोणत्या मोठ्या माणसाने घ्यायचा आणि इंजेक्टर कोणाच्या पिशवीत असणार, हेही नाव घेऊन ठरवावे; ‘कोणीतरी घेतला असेल’ या समजुतीतच तो मागे राहतो.

मागवताना साधेपणा बरा. वाफवलेले, उकडलेले किंवा स्वच्छ भांड्यात भाजलेले, सॉस वेगळा किंवा मुळीच नाही, असे पदार्थ आचाऱ्यालाही सोपे जातात.

पायरी ८: ताट समोर आल्यावर

ताट आणणारा माणूस आणि ऑर्डर घेणारा माणूस पुष्कळदा वेगळे असतात. ताट ठेवले जात असतानाच ‘हे ॲलर्जीसाठी वेगळे केलेले ताट आहे ना?’ असे विचारावे. न मागितलेली सजावट, वर भुरभुरलेली पूड किंवा कडेला ठेवलेली चटणी दिसली, तर ताट परत पाठवावे आणि पदार्थ नव्याने करायला सांगावे. वरचा मेवा वेचून तेच ताट परत आले आहे, अशी शंका आली तर खाऊ नये. ‘आधी किंचित चाखून पाहू’ ही तपासणी नव्हे. ज्याची भीती आहे ती गोष्ट आपण त्यातून स्वतःच घडवून आणतो.

खाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत किंवा ओल्या पुसण्याने पुसावेत. शेंगदाण्याच्या बाबतीत तपासणीत असे आढळले आहे की जंतुनाशक जेलने त्याची प्रथिने हातावरून निघत नाहीत. जेल जंतू मारते, प्रथिने धुऊन काढत नाही.

मद्य, जोराचा व्यायाम, ताप आणि आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके यांमुळे काहींच्या बाबतीत कमी अंशानेही प्रतिक्रिया उमटते किंवा ती अधिक तीव्र होते. दिवसभराच्या पायपिटीनंतर वेदनाशामक गोळी घेऊन, वाइनसोबत नवा पदार्थ चाखायचा, हा बेत म्हणूनच टाळावा.

बुफे, बेकरी आणि पेये

हॉटेलच्या न्याहारीचा बुफे जोखमीचा असतो, कारण तिथे घटकांची सरमिसळ पाहुणेच करतात. अक्रोडाच्या पावाला लागलेला चिमटा साध्या पावात जातो आणि लोण्याच्या वाटीत टोस्टचा चुरा पडलेला असतो. आदल्या रात्री सांगून ठेवल्यास अनेक हॉटेले आतून, न उघडलेल्या पाकिटातून वेगळे काढून देतात. बेकऱ्या आणि आइस्क्रीमची दुकाने यांत एकच पळी, एकच ओटा आणि हवेत उडणारे पीठ असते. मेवा, अंडे, दूध किंवा गव्हाची ॲलर्जी असेल, तर ती सोडून देणेच बरे. पेयांतही लक्ष हवे: काही कॉकटेलमध्ये अंड्याचा पांढरा भाग असतो, ऑर्जा हे सरबत बदामाचे असते, आणि कॉफीच्या दुकानात गाईचे दूध आणि बदामाचे दूध एकाच नळीच्या वाफेने तापवले जाते.

प्रतिक्रिया आलीच तर

लक्षणे बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत दिसतात. अंगावर गांध्या उठणे, ओठ किंवा जीभ सुजणे, घसा आवळल्यासारखा वाटणे, आवाज घोगरा होणे, खोकला, धाप, उलट्या, चक्कर यांपैकी काहीही असू शकते. अंगावर काहीच न उमटताही तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, तेव्हा गांध्या उठण्याची वाट पाहू नये. श्वासाचा त्रास, घशाची सूज किंवा भोवळ यांपैकी काही जाणवताच आराखड्याप्रमाणे मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यभागी ॲड्रेनालीन टोचावे. ते कपड्यावरूनही देता येते. अँटीहिस्टामाईनची, म्हणजे ॲलर्जीवरची नेहमीची, गोळी खाज कमी करते, पण बंद होत चाललेला श्वास उघडत नाही. तिच्या भरवशावर इंजेक्शन लांबवू नये.

अस्वस्थ वाटू लागले की माणूस चारचौघांत नको म्हणून उठून स्वच्छतागृहाकडे जातो. हे कटाक्षाने टाळावे. तिथे तो एकटा पडतो आणि उभे राहिल्याने रक्तदाब एकदम खाली जाऊ शकतो. आहे तिथेच आडवे होऊन पाय उंच ठेवावेत. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर पाय पसरून बसावे. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवावे. रुग्णवाहिकेपर्यंतही चालत जाऊ नये. आणीबाणीचा क्रमांक आधीच फोनमध्ये घालून ठेवावा: युरोपीय संघात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिका आणि कॅनडात ९११, जपानमध्ये रुग्णवाहिकेसाठी ११९, ऑस्ट्रेलियात ०००. भाषा येत नसेल तर उपाहारगृहातल्या माणसाला फोन करायला सांगावे, आणि ‘ॲनाफिलॅक्सिस’ हा शब्द व जागेचा पत्ता एवढे तरी नक्की पोहोचवावे. पाच ते पंधरा मिनिटांत उतार पडला नाही, तर आराखड्याप्रमाणे दुसरी मात्रा द्यावी.

बरे वाटले तरी रुग्णालयात जावे आणि डॉक्टर सोडेपर्यंत थांबावे, कारण पहिली लाट ओसरल्यानंतर काही तासांनी पुन्हा लक्षणे उमटू शकतात. वापरलेले इंजेक्टर सोबत न्यावेत, म्हणजे कोणते औषध केव्हा दिले हे तिथल्या डॉक्टरांना कळते. मेन्यूकार्डाचा, बिलाचा आणि शक्य असल्यास सॉसच्या लेबलाचा फोटो सोबत्याला काढून ठेवायला सांगावा. नेमक्या कोणत्या घटकाने त्रास झाला हे पुढे शोधताना आणि विम्याचा दावा करताना त्याचा उपयोग होतो. वापरलेल्या इंजेक्टरच्या बदली नवे मिळेपर्यंत बाहेरचे जेवण थांबवावे आणि न उघडलेल्या, लेबल वाचून घेतलेल्या अन्नावर दिवस काढावेत.